चौथा कोन

आठवीत माझ्या वहीतला एकही चौकोन चुकला नव्हता. वेगवेगळ्या आकारांचे पाच चौकोन काढायचे, प्रत्येकाचे चारही कोन कोनमापकाने मोजून तक्त्यात भरायचे आणि शेवटच्या रकान्यात बेरीज लिहायची, असा तो उपक्रम होता. माझ्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ३६०, ३६०, ३६०, ३६०, ३६०. खाली लाल शाईत ‘सुरेख’ असा शेरा. आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. मी प्रत्येक चौकोनाचे तीनच कोन मोजले होते. चौथा वजाबाकी करून लिहिला होता.

यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलंही नाही. बेरीज ३६० येणार हे आधीच्या तासाला फळ्यावर लिहून दिलेलं होतं. मग उगाच चौथ्यांदा कोनमापक ठेवायचा, शून्याची रेघ बाजूवर जुळवायची, डोळे बारीक करून ८७ की ८८ ते ठरवायचं आणि एवढं करून बेरीज ३६२ आली की खोडरबर शोधायचा, हा उपद्व्याप सांगितलाय कुणी?

परवा भाची तसाच तक्ता घेऊन माझ्यासमोर बसली आणि हे सगळं आठवलं. ती माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाली. पहिल्या चौकोनाची बेरीज तिने ३५८ लिहिली होती, दुसऱ्याची ३६१. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पेन्सिलीला टोक नव्हतं म्हणे. तिसऱ्याची मात्र २६० आली होती.

“मामा, पेन्सिलीमुळे शंभर अंश कसे कमी होतील?”

मी चौकोन पाहिला. तिने बाणाच्या पात्यासारखा चौकोन काढला होता, एक शिरोबिंदू आत ढकललेला. तीन टोकांचे कोन ४२, ३८ आणि ५०, आणि आत घुसलेल्या शिरोबिंदूपाशी लिहिलं होतं १३०. अर्धवर्तुळाकार कोनमापक १८० च्या पुढे जातच नाही, त्यामुळे तिने तो नकळत चौकोनाच्या बाहेरच्या बाजूला ठेवला होता. चौकोनाच्या आतला कोन प्रविशाल होता, २३० अंशांचा. १३० च्या जागी २३० लिहिलं की हिशेब जुळतो.

मी हे समजावत होतो आणि तिचं लक्ष भलतीकडेच. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. “बेचाळीस आणि अडतीस ऐंशी, आणि पन्नास... एकशे तीस. मामा, बाकीच्या तिघांची बेरीज आणि हा बाहेरचा कोन सारखेच आलेत.”

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकलो, कोनांशी माझा संबंध परीक्षेपुरता नव्हता, आणि तरी हे कधी माझ्या नजरेत आलं नव्हतं. योगायोग असेल म्हणून दुसरा बाण काढायला घेतला आणि अर्ध्यात थांबलो. त्याची गरजच नव्हती. आतला कोन म्हणजे ३६० वजा बाहेरचा. चारही आतल्या कोनांची बेरीज ३६०. मग उरलेले तिघं मिळून बाहेरच्या कोनाएवढेच भरणार, बाण कसाही काढा. दोन ओळींचं काम. पण त्या दोन ओळी तिने कोनमापक चुकीच्या बाजूला ठेवला म्हणून दिसल्या. माझ्या बिनचूक वहीत असं काही सापडण्याची सोयच नव्हती.

‘काढणे’ हे क्रियापद या बाबतीत मोठं लबाड आहे. चौकोन काढा म्हणजे रेखाटा. चौथा कोन काढा म्हणजे शोधा. एकदा ‘चौथ्या कोनाचे माप काढा’ असं वाचून मी सरळ पाठ्यपुस्तकावरच कोनमापक ठेवला होता. दिलेले कोन ११०, ७५ आणि ८५. छापील आकृतीत चौथा ८३ भरला, मी ८३ लिहून मोकळा. उत्तर होतं ९०. बाईंनी विचारलं, हे ८३ कुठून आणलंस? म्हटलं, पुस्तकातून, मोजून. अख्खा वर्ग हसला. पुस्तकातली आकृती प्रमाणात नसते, कोण कुणाच्या शेजारी आहे आणि कोण कुणासमोर एवढंच ती सांगते, हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या हसण्याचा राग अजून थोडा शिल्लक आहे. जे डोळ्यांना दिसतंय ते लिहिणारा मूर्ख आणि न बघता वजाबाकी करणारा हुशार, हा न्याय त्या वयात पचायला जड होता.

पचला मात्र पुरता. मोजणं हे बिचाऱ्यांचं काम आणि काढणं शहाण्यांचं, असं माझ्या डोक्यात बसलं. आठवीतली ती वही त्याच तोऱ्यातून आली असणार.

आणि काढण्यात मजा आहेच. चौकोनात एक कर्ण ओढला की दोन त्रिकोण होतात, पंचकोनात एका शिरोबिंदूतून दोन कर्ण ओढले की तीन. बाजूंच्या संख्येतून दोन वजा करा, तितके त्रिकोण, आणि प्रत्येकाचे १८०. ग्रीक भूमितिकार युक्लिड हे अंशांत सांगत नाही, त्याचं माप काटकोन. त्रिकोणाचे तीन कोन मिळून दोन काटकोन, म्हणून चौकोनाचे चार, पंचकोनाचे सहा, षटकोनाचे आठ. पाचव्या शतकात प्रोक्लसने युक्लिडवर भाष्य लिहिताना हा नियम कुठल्याही बहुभुजाकृतीसाठी मांडला आहे: बाजूंची दुप्पट करून चार वजा करा, तितके काटकोन. मला हे रूप जास्त आवडतं. १०८० अंश म्हटल्यावर डोळ्यांपुढे काही येत नाही. बारा काटकोन म्हटलं की अष्टकोनाच्या आत ते भरलेले दिसतात.

भाचीच्या बाणात मात्र वाटेल तो कर्ण ओढून चालत नाही. पंखांची दोन टोकं जोडली तर रेघ आकृतीच्या बाहेरून जाते आणि हिशेब बिघडतो. आत घुसलेल्या शिरोबिंदूतून समोरच्या टोकाकडे कर्ण ओढला की दोन त्रिकोण नीट मिळतात. पुस्तकात बहुतेक चौकोन बहिर्वक्र, शहाण्या मुलांसारखे सगळे कोपरे बाहेर काढून बसलेले, त्यामुळे हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही.

सिद्धता सांगण्याआधी मी तिला पेन्सिलीचा एक खेळ दाखवला. कागदावर मोठा त्रिकोण काढायचा. पेन्सिल एका बाजूवर आडवी ठेवायची, टोक कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवायचं. सरकवत सरकवत कोपऱ्याशी न्यायची, तिथे त्रिकोणाच्या आतल्या कोनाएवढी फिरवून पुढच्या बाजूवर आणायची. मग पुढचा कोपरा, मग तिसरा, प्रत्येक वेळी त्याच दिशेने फिरवायची. पहिल्या बाजूवर परत आलो की पेन्सिल उलटी झालेली असते. टोक जिकडे होतं तिकडे आता मागची बाजू. अर्धा फेरा. तीन कोनांची बेरीज १८० आहे हे पेन्सिलीने कुठलीही सिद्धता न लिहिता सांगून टाकलं. चौकोनावर हाच खेळ केला की टोक पुन्हा होतं त्याच दिशेला येतं, कारण आता पूर्ण फेरा झालेला असतो. पंचकोनात परत उलटं.

तिने पाच टोकांची चांदणी काढली, एका रेघेत, हात न उचलता काढतात तशी. पाचही टोकांवर पेन्सिल फिरवली. प्रत्येक टोक अरुंद, त्यामुळे पेन्सिल प्रत्येक ठिकाणी जेमतेम हलत होती, आणि शेवटी उलटी होऊन बसली. एकच अर्धा फेरा. चांदणी सुसम असो की वेडीवाकडी, पाच टोकांचे कोन मिळून १८०. सुसम असेल तर प्रत्येक टोक ३६ अंशांचं. तिने तीन वेगवेगळ्या चांदण्यांवर हे करून पाहिलं. माझा शब्द पुरेसा नव्हता. बरंच झालं.

मला स्वतःला बहुभुजाकृती समजली ती कागदावर नाही, संगणकाच्या तासाला. तेव्हा आम्हाला लोगो नावाची भाषा होती, १९६७ साली मुलांसाठीच तयार केलेली. पडद्यावर एक कासव असे (दिसायला साधा त्रिकोणच, पण सगळे त्याला कासव म्हणत) आणि त्याला ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ अशा आज्ञा द्यायच्या. कासव चालत जाई आणि मागे रेघ उमटे. चार वेळा सांगितलं, चौरस झाला. लगेच सुसम पंचकोन काढायला घेतला. पंचकोनाच्या कोनांची बेरीज ५४०, भागिले पाच, १०८, तोंडपाठ होतं. पाच वेळा पुढे १००, उजवीकडे १०८. पडद्यावर पाच रेघा एकमेकींना छेदून पसरल्या आणि तोंडही जुळलं नाही. चिडून आज्ञा आणखी पाच वेळा दिली तर दहा टोकांची देखणी चांदणी तयार झाली. षटकोनासाठी १२० दिले, तेव्हा कासवाने त्रिकोण काढला आणि त्याच त्रिकोणावरून गुमान दुसरी चक्कर मारली.

चूक लक्षात यायला जवळजवळ अख्खा तास गेला, कारण चौरसाने फसवलं होतं. चौरसात आतला कोन ९० आणि वळायचा कोनही ९०. दोन वेगळ्या गोष्टींना तिथे एकच आकडा आहे. कासवाला आतल्या कोनाशी काही देणंघेणं नसतं. ते नाकासमोर चाललेलं असतं. त्याला विचारायचं असतं ते इतकंच, की आता किती वळू? पंचकोनात ७२. षटकोनात ६०. तो बाह्यकोन. पुस्तकात बाह्यकोन म्हणजे बाजू उगाच पुढे वाढवून तयार केलेलं एक प्रकरण वाटायचं, प्रश्न विचारता यावेत म्हणून केलेलं. चालणाऱ्याला तो वळणाचा कोन आहे. आपलीच रेघ कुठे न ओलांडता निघालो तिथे परत यायचं आणि निघताना होतं त्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं, तर वळणं मिळून एक पूर्ण चक्कर होणारच. बाजू तीन असोत की तीनशे, ३६०. आतल्या कोनांची बेरीज वाढत जाते. ही वाढत नाही.

भाचीच्या बाणावर मी हे ताडून पाहिलं. टोकांवरची वळणं १३८, १४२ आणि १३०. मिळून ४१०. जास्त झालं. पण आत घुसलेल्या शिरोबिंदूपाशी कासवाला उलट्या बाजूला वळावं लागतं, ५० अंश. ते उणे धरायचं. ४१० वजा ५०. बरोबर.

हे कळल्यावर माझा काढण्याचा नाद आणखी वाढला. चौकोनाच्या कोनांचं गुणोत्तर १:२:३:४ आहे, तर कोन काढा, हे उदाहरण आपण सगळ्यांनी केलेलं आहे. दहा भाग, एक भाग ३६. म्हणजे ३६, ७२, १०८, १४४. उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढचं उदाहरण. पण कोन याच क्रमाने फिरवत ठेवले तर ३६ आणि १४४ शेजारी येतात, त्यांची बेरीज १८०; ७२ आणि १०८ शेजारी, त्यांचीही १८०. लगतच्या दोन कोनांची बेरीज १८० म्हणजे दोन बाजू समांतर, म्हणजे हा समलंब चौकोन झाला. आता शेवटच्या दोघांच्या जागा बदला: ३६, ७२, १४४, १०८. आता ३६ च्या समोर १४४ आला, ७२ च्या समोर १०८. संमुख कोन पूरक असले की चौकोन चक्रीय असतो, चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर बसतात. आकडे तेच, बेरीज तीच. १८० शेजाऱ्याशी जमलं तर समांतर बाजू, समोरच्याशी जमलं तर वर्तुळ. प्रश्नपत्रिकेत या उदाहरणाला दोन गुण असत. पुढचं कुणी विचारत नसे.

मग चौकोनाचे कोपरे फाडण्याचा उद्योग. कात्रीने कापायचे नाहीत, हाताने फाडायचे. म्हणजे फाटलेली कड खरबरीत राहते आणि चौकोनाच्या मूळ बाजू सरळ, गोंधळ होत नाही. चारही कोपरे टोकाला टोक लावून एका बिंदूभोवती मांडले की मध्ये फट उरत नाही. भाचीला यात विशेष वाटलं नाही, ३६० तर आहेतच. मी म्हटलं, मग याचा अर्थ असा, की एकाच मापाच्या कुठल्याही वेड्यावाकड्या चौकोनांनी अख्खी जमीन फट न ठेवता झाकता येते. प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूभोवती चौकोन अर्धा फेरा फिरवायचा, त्याला शेजारी चिकटवायचा, आणि करत जायचं. प्रत्येक बिंदूपाशी चार वेगवेगळे कोपरे भेटतात. तिचा बाणसुद्धा चालतो. यावर ती उठून कात्री घेऊन आली आणि पुढचा अर्धा तास जमिनीवर बाणच बाण.

पंचकोनाचं तसं नाही. सुसम पंचकोनाचे तीन कोपरे एका बिंदूपाशी मांडले तर ३२४ होतात, ३६ ची फट उरते, आणि चौथा तिथे मावत नाही. सुसम आकृत्यांपैकी त्रिकोण, चौरस आणि षटकोन हे तिघंच एकट्याने जमीन झाकतात, कारण ६०, ९० आणि १२० नेच ३६० ला पूर्ण भाग जातो. सप्तकोनाचा कोन तर १२८ पूर्णांक चार सप्तमांश. तो भाग जाणं सोडाच, मोजपट्टी आणि कंपासने अचूक काढताही येत नाही. पण पंचकोन सुसम नसेल तर? हा प्रश्न १९१८ पासून चालू होता. तेव्हा कार्ल राइनहार्ट यांनी पाच प्रकार दाखवले, पुढे आणखी सापडले, यादी संपली असं जाहीरही झालं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी मासिकातल्या सदरात यावर लिहिलं. ते वाचून कॅलिफोर्नियातल्या मार्जोरी राइस या गृहिणीने आपल्यापरीने शोध सुरू केला. शाळेपलीकडे गणित शिकलेल्या नव्हत्या. कुठला कोन कुणाशी मिळून ३६० करतो हे लिहायची खुणांची पद्धत त्यांनी स्वतःच बनवली आणि चार नवे प्रकार शोधून काढले. पंधरावा २०१५ मध्ये मिळाला आणि २०१७ मध्ये मिकाएल राओ यांनी संगणकाच्या मदतीने बहिर्वक्र पंचकोनांचे पंधराच प्रकार आहेत असं दाखवलं. राइस यांच्या त्या खुणांमध्ये कोनमापक कुठे येत नाही. हे सगळं काढणं, शुद्ध काढणं.

फटीचंही काम असतं, हे जाता जाता. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा जुना फुटबॉल पाहा. प्रत्येक कोपऱ्यात एक पंचकोन आणि दोन षटकोन भेटतात: १०८, १२०, १२०. बेरीज ३४८. बारा अंश कमी. ते बारा अंश नाहीत म्हणूनच तुकडे सपाट बसत नाहीत, वाकतात, आणि चेंडू होतो. असे साठ कोपरे असतात. साठ बारे ७२०. आता पुठ्ठ्याचा घन घ्या: प्रत्येक कोपऱ्यात तीन काटकोन, ९० कमी, कोपरे आठ. तेही ७२०.

आता सर्वे कॅम्पबद्दल, म्हणजे जमीन मोजायला शिकवणाऱ्या कॉलेजच्या शिबिराबद्दल. काढण्याचा हा नाद तिथे अंगाशी आला.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गटाला सहा स्टेशनांचा बंद ट्रॅव्हर्स, म्हणजे निघालो त्या खुंटीवर परत येणारी मोजणी, दिला होता. मोकळ्या माळावर सहा खुंट्या. प्रत्येक खुंटीवर ट्रायपॉड रोवायचा, ओळंब्याचं टोक खुंटीवरच्या खिळ्यावर आणायचं, ते येईपर्यंत यंत्राची पातळी दाखवणारा बबल पळतो, बबल आणेपर्यंत ओळंबा सरकतो. मग दुर्बिणीतून मागच्या स्टेशनचा रॉड पाहायचा, तिथला आकडा घ्यायचा, मग पुढच्या स्टेशनचा, आणि फील्डबुकात अंश, मिनिटं, सेकंद (अंशाचा साठावा भाग मिनिट, त्याचा साठावा सेकंद). म्हणजे आपणच कासव, फक्त खांद्यावर थिओडोलाइट, दुर्बिणीने कोन मोजायचं यंत्र, आमचं वीस सेकंदांपर्यंतच वाचणारं. षटकोनाची बेरीज ७२० यायला हवी. पाच स्टेशनं झाली आणि उजेड गेला. सहावं राहिलं. गटातले सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण आकडेमोड माझ्याकडे होती. मी रॉकेलच्या कंदिलासारख्या मिणमिणत्या टॉर्चखाली वजाबाकी केली आणि सहावा कोन सेकंदापर्यंत लिहून टाकला. आठवीतलाच हात.

दुसऱ्या दिवशी सरांनी फील्डबुक उघडलं. खालची बेरीज वाचली: ७२० अंश, शून्य मिनिटं, शून्य सेकंद. चष्मा कपाळावर नेला. “वीस सेकंदांचं यंत्र, वाऱ्यावर हलणारा रॉड, आणि चूक शून्य? सहाव्यावर कोण उभं होतं रे?” कुणी बोललं नाही. “जा, उभे राहून या.”

गेलो. सहावा कोन प्रत्यक्ष वाचला तर वजाबाकीच्या उत्तरापेक्षा एक अंश आणि तीस सेकंद कमी. तीस सेकंदांचं नवल नव्हतं. एक अंश कुठून आला? बेरीज चूक आहे एवढं सांगते. कुठे आहे ते सांगत नाही. म्हणून पहिल्या स्टेशनपासून सगळं पुन्हा वाचत सुटलो. तिसऱ्यावर सापडलं. तिथे ११८ च्या जागी मी ११७ लिहिले होते. दुरुस्त केल्यावर बेरीज आली ७१९ अंश, ५९ मिनिटं, ३० सेकंद. तीस सेकंद कमी. अशा कामात इतका फरक चालतो. वीस सेकंदांचं यंत्र आणि सहा कोन असतील तर वीस गुणिले सहाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४९ सेकंदांपर्यंत. ते तीस सेकंद सहा जणांत सारखे वाटून द्यायचे, प्रत्येकाला पाच. फील्डबुकात त्यासाठी वेगळा रकानाच असतो.

मला तेव्हा कळलं की मी काय केलं होतं. शेवटचा कोन वजाबाकीने काढला की आधीच्या सगळ्यांच्या चुका मुकाट्याने त्याच्या पोटात जातात. बेरीज चोख दिसते, आणि नकाशा शंभर मीटरवर पावणेदोन मीटर सरकलेला असतो. तिसऱ्या स्टेशनचा गुन्हा मी सहाव्याच्या नावावर लिहिला होता. वरून दोन रेघा मारल्या होत्या.

सर त्या दिवशी आणखी एक बोलले, ते तेव्हा थट्टेचं वाटलं होतं. म्हणाले, त्रिकोण पुरेसा मोठा घेतलात ना, की बेरीज बरोबर १८० येणं हीच चूक असते. नंतर नीट समजलं. पृथ्वी गोल. तिच्यावर आखलेल्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा जास्तच भरते, साधारण दर दोनशे चौरस किलोमीटर क्षेत्रफळामागे एक सेकंद. आमच्या माळावर तो फरक कुठल्याही यंत्राला दिसला नसता. पण डोंगरमाथ्यांवरून पन्नास-साठ किलोमीटरच्या बाजू घेऊन मोजणी करणाऱ्यांना तो धरावाच लागे. ध्रुवावरून निघून विषुववृत्तापर्यंत उतरा, पाव पृथ्वी चालून काटकोनात वळा, परत ध्रुवावर या. तिन्ही कोन काटकोन, २७०.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, सर्वे कॅम्पसकट. टॉर्चवाली वजाबाकी ऐकताना तिला फार आनंद होत होता. मग तिने तक्ता पुढे ओढला. तिसऱ्या ओळीतलं १३० खोडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी २३० लिहिलं. चौथा चौकोन मोजला, ३५९. तसाच ठेवला. पाचवा मोठा काढला होता, पानभर, बाजू लांब असल्या की कोनमापकावर नीट वाचता येतं म्हणून. ९४, ७१, ११२, ८३. तिने बेरीज केली. पुन्हा केली. मग संशयाने माझ्याकडे पाहिलं.

“मामा, हे बरोबर ३६० आलंय. परत मोजू का?”